काजूची नवी बाग: सातबाऱ्यापासून बी विकेपर्यंत

मुंबईत नोकरी केलेले आणि आता गावी परतलेले बरेच जण विचारतात, "वाडवडिलांची वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी, जमीन पडून आहे, काजू लावू का?" सिंधुदुर्ग, रत्नागिरीच्या डोंगरउतारावर किंवा चंदगड-आजऱ्याच्या पट्ट्यात जमीन असेल तर जरूर लावा. पण एक गैरसमज आधी सोडून द्या. काजू हे रानझाड आहे, लावलं की आपोआप वाढतं आणि चार-पाच वर्षांनी जाऊन नुसतं बी वेचायचं, असं सांगणारे खूप भेटतील. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून हे झाड आणलं आणि ते कोकण-गोव्याच्या रानात इतकं रुळलं की आपण त्याला पीक मानणंच सोडून दिलं. बाग तोट्यात जाते ती बहुतेक वेळा या समजुतीमुळे. पहिली तीन वर्षं जीव लावून सांभाळलेलं आणि बी नीट वाळवून-निवडून विकलेलं झाडच पैसे देतं. म्हणून या लेखात लागवडीइतकीच जागा विक्रीला दिली आहे.

कागद आधी, कुदळ नंतर

कोकणातल्या सातबाऱ्यावर दहा-पंधरा नावं असणं नेहमीचंच. चुलत्यांची, आत्यांची, कधी मयत माणसांचीसुद्धा. अशा सामाईक जमिनीत तुम्ही कलमं लावलीत आणि ती धरायला लागली की वाटणीचा वाद हमखास उभा राहतो. बाग तीस-चाळीस वर्षं उभी राहणार आहे, त्यामुळे सहहिस्सेदारांची लेखी संमती आधी घ्या. योजनेच्या अर्जाला ती लागतेच. वारसनोंदी राहिल्या असतील तर तलाठ्याकडे त्या करून घ्या. हद्द नक्की नसेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून मोजणी करून घ्या. शेजाऱ्याच्या गडग्यावरून (दगडी बांधावरून) भांडण होण्यापेक्षा मोजणीची फी स्वस्त पडते.

अनुदानासाठी दोन वाटा आहेत. जॉबकार्ड असलेल्या अल्पभूधारकाला रोजगार हमीतून फळबाग लागवड करता येते. महाराष्ट्रात ही सोय १९९० पासून आहे. त्यात न बसणाऱ्यांसाठी २०१८ पासून भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना आहे. कोकणात तिची किमान मर्यादा १० गुंठे आहे, म्हणजे अगदी छोट्या तुकड्यालाही अर्ज करता येतो. पैसे तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के अशा हप्त्यांनी मिळतात, तेही झाडं किती जगली ते पाहून. कृषी सहायकाला भेटा आणि पूर्वसंमती हातात आल्याशिवाय खड्डे मारू नका.

जमीन कशी हवी

काजूला पाणी साचलेलं अजिबात चालत नाही. भातखाचराच्या कडेची चिकण जमीन, जिथे जुलैत पाय रुततो, तिथे लावू नका. निचऱ्याची तांबडी माती, जांभा दगडावरची वरकस, मध्यम उतार, हे त्याचं घर. नुसत्या उघड्या कातळावर मात्र झाड जगतं पण वाढत नाही. निदान दोन-तीन फूट माती हवी. माती आहे की नाही ते पहारेने ठिकठिकाणी ठोकून बघा.

दुसरी गोष्ट उन्हाची. काजूला भरपूर ऊन लागतं. आंब्याच्या जुन्या झाडांच्या सावलीत किंवा दाट रानाच्या कडेला लावलेली कलमं उंच, बारीक होतात आणि मोहोर फक्त शेंड्याला येतो.

जात आणि कलम

बी टोचून बाग करू नका. बीपासून आलेलं झाड आईसारखं निघत नाही आणि धरायलाही उशीर करतं. वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने काढलेल्या जातींची कलमंच घ्या. १९८१ साली आलेली वेंगुर्ला-४ आजही कोकणात सगळ्यात भरवशाची आहे. तिचं बोंडू (बीला जोडलेलं रसाळ फळ) लाल, एक बी साधारण साडेसात ते पावणेआठ ग्रॅम आणि गराचा उतारा, म्हणजे बीच्या वजनात निघणारा गर, ३१ टक्क्यांच्या आसपास. वेंगुर्ला-७ चं बोंडू पिवळं आणि बी टपोरं, सुमारे १० ग्रॅमचं. कारखानदार मोठ्या गरासाठी तिला जास्त पसंती देतात. माझा सल्ला असा की निम्म्या ओळी चारच्या आणि निम्म्या सातच्या ठेवा. एकीचा मोहोर हवामानात सापडला तर दुसरीचा वाचण्याची शक्यता राहते. मात्र जाती ओळीत मिसळू नका, कारण वेचताना बी वेगळं ठेवता आलं पाहिजे. ते का, हे पुढे विक्रीत येईल.

कलमं वेंगुर्ल्याच्या केंद्रातून, दापोलीच्या कृषी विद्यापीठातून किंवा परवानाधारक रोपवाटिकेतूनच घ्या आणि पावती जपून ठेवा. मागणी उन्हाळ्यातच नोंदवा. जूनमध्ये गेलात तर उरलंसुरलं पदरात पडतं. कलम निवडताना जोड, म्हणजे कलम बांधलेली जागा, बोटांनी चाचपून बघा. तो एकजीव आणि सरळ हवा. जोडावरची प्लास्टिकची पट्टी खोडात रुतलेली असेल, मुळं पिशवीतून बाहेर येऊन जमिनीत गेली असतील, तर ते कलम घेऊ नका.

खड्डे आणि लागवड

अंतर सात बाय सात मीटर ठेवा, चांगल्या खोल जमिनीत आठ बाय आठ. सात मीटरने एकरी ८० च्या आसपास झाडं बसतात. एकरी दीडशे-दोनशे कलमं कोंबायचा मोह होतो. तशी घनदाट लागवड दरवर्षी छाटणी करणाऱ्यालाच जमते, त्यामुळे नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

एप्रिल-मेमध्ये दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल खड्डे काढून ते उन्हात तापू द्या. जांभ्यात थोडे मोठे काढा. पावसाआधी चांगली माती, घमेलंभर कुजलेलं शेणखत, किलोभर सिंगल सुपर फॉस्फेट आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळून भरा. शेणखत कच्चं असेल तर वाळवी येणारच. खड्डा जमिनीपेक्षा वितभर उंच भरा, कारण माती बसते आणि मग तिथे पाण्याचं डबकं होतं.

पाऊस स्थिरावला की जूनअखेर ते जुलैत लावणी करा. पिशवी ब्लेडने चिरून काढायची, मातीचा गोळा फुटू द्यायचा नाही. जोड मातीच्या वर चार बोटं राहायला हवा. हीच चूक सगळ्यात जास्त होते. जोड मातीत गेला की कुजतो, किंवा खुंट, म्हणजे जोडाखालचा बीपासून आलेला भाग, फुटून गावठी झाडच वाढतं आणि चार वर्षांनी लक्षात येतं. लावल्यावर बुंध्याजवळची माती पायाने दाबा आणि काठीचा आधार देऊन सैल बांधा. उतार असेल तर झाडाच्या खालच्या अंगाला दगडांचा अर्धगोल गडगा घाला. पावसाळ्यात तो माती धरतो, नंतर ओल धरतो.

पहिली तीन वर्षं

खुंटावर, म्हणजे जोडाच्या खाली, जे फुटवे येतात ते दर पंधरवड्याला खुडत राहा. पहिली दोन-तीन वर्षं मोहोर आला तर तोही काढा. नवख्याला हे जड जातं, पण लहान वयात धरलेलं झाड खुरटतं. जमिनीपासून तीन फुटांपर्यंतच्या बाजूच्या फांद्या हळूहळू काढा. पुढे झाडाखाली वाकून बी वेचता आलं पाहिजे.

पहिल्या दोन उन्हाळ्यांत पाणी द्यावंच लागतं. विहीर नसली तरी आठवड्याला दहा-पंधरा लिटर पुरतं. बुंध्याभोवती गवत-पाल्याचं जाड आच्छादन टाका, पण ते खोडाला टेकू देऊ नका.

आणि वणवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये रान वाळलेलं असतं आणि कुणाच्या तरी विडीने, कुणी शेजारी भाजवळ करताना (पेरणीआधी पाला-गवत जाळून जमीन भाजताना), एका दुपारी पाच वर्षांची बाग जाते. कोकणात काजूच्या बागा जितक्या वणव्याने जातात तितक्या कुठल्याच रोगाने जात नसतील. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सगळं गवत कापून घ्या. बागेच्या चारही बाजूंनी दहा-बारा फुटांचा पट्टा खरवडून मोकळा करा. हा खर्च दरवर्षी धरायचा, एकाही वर्षी टाळायचा नाही.

मधल्या मोकळ्या जागेत पहिली तीन-चार वर्षं नाचणी, वरी, कुळीथ, हळद घेता येते. त्यातून मोठे पैसे होत नाहीत, पण त्या निमित्ताने तुमचा पाय बागेत पडत राहतो.

खत ऑगस्टमध्ये, पावसाचा जोर ओसरल्यावर घाला. चौथ्या वर्षापासून पूर्ण मात्रा द्यायची. झाडामागे चार घमेली शेणखत, २ किलोच्या थोडा वर युरिया, दीड किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि ४०० ग्रॅमच्या आसपास म्युरेट ऑफ पोटॅश. पहिल्या वर्षी याच्या पाव, दुसऱ्या वर्षी अर्धी, तिसऱ्या वर्षी पाऊण. बुंध्याशी ओतू नका. फांद्यांचा घेर जिथे संपतो तिथे गोल चर काढून द्या आणि मातीने झाका.

ढेकण्या आणि रोठा

"यंदा ढगाळ वातावरणाने मोहोर करपला" असं ऐकलंत की लगेच मान डोलावू नका. पुष्कळदा ते काम ढेकण्याचं, म्हणजे कोवळ्या शेंड्यांचा आणि मोहोराचा रस शोषणाऱ्या किडीचं, असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात नवी पालवी आली की सकाळी लवकर झाडाच्या आतल्या सावलीत कोवळे शेंडे उलटून पाहा. कोवळ्या दांड्यावर पाणी लागल्यासारखे लांबट डाग दिसतील, तेच पुढे काळे पडतात, त्यावर कधी डिंकाचा बारीक थेंब असतो. मग शेंडा वाळतो आणि लांबून झाड भाजल्यासारखं दिसतं. डाग दिसले तेव्हाच फवारणी करायची. झाड भाजलेलं दिसल्यावर केलेली फवारणी वाया जाते. फवारणीच्या वेळा तीन: पालवी येताना, मोहोर येताना आणि बी धरताना. औषध आणि मात्रा मात्र दुकानदाराच्या तोंडून घेऊ नका. शिफारशी बदलतात, काही औषधं बंद होतात. त्या वर्षीची शिफारस कृषी विज्ञान केंद्रातून किंवा विद्यापीठाच्या वेळापत्रकातून घ्या. फुलं उमललेली असताना सकाळी फवारलंत तर मधमाश्या मरतील आणि बी धरायला कुणी उरणार नाही. फवारणी संध्याकाळी करा.

रोठा ही खोडातली अळी. बुंध्याशी भुसा आणि डिंक दिसला, पानं पिवळी पडू लागली की समजा. पटाशीने साल तासून अळी शोधून मारायची आणि ती जागा औषधाने माखायची. डिसेंबरपासून महिन्यातून एकदा प्रत्येक बुंधा वाकून बघा. अर्धा घेर पोखरला गेला असेल तर ते झाड सहसा वाचत नाही. तोडून बागेबाहेर न्या, नाहीतर तिथूनच कीड पसरते.

हवामानावर आधारित फळपीक विम्यात काजू आहे. मुदत नोव्हेंबरात संपते, तेव्हा दिवाळीनंतर लगेच चौकशी करा. ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरून सातबाऱ्यावर पीक नोंदवण्याच्या सोयीत, काजूची नोंद करायला विसरू नका.

वेचणी आणि वाळवण

झाड तिसऱ्या-चौथ्या वर्षी धरू लागतं आणि आठव्या-दहाव्या वर्षी भरात येतं. संशोधन केंद्राच्या बागेतले आकडे मोठे असतात. तुम्ही मात्र गणित झाडामागे पाच किलोवर मांडा. एकरी ८० झाडं, म्हणजे ४०० किलो. समजा किलोला १२० रुपये मिळाले तर ४८ हजार, आणि त्यातून गवतकापणी, खत, फवारणी, वेचणीची मजुरी वजा. एका एकरावर घर चालत नाही, हे लावण्याआधीच माहीत असलेलं बरं.

बी झाडावरून तोडू नका. बोंडू पिकून आपोआप खाली पडलं की त्याचं बी तयार. चोरीच्या किंवा माकडांच्या भीतीने हिरवं बी काढलं की गर सुरकुततो आणि पूर्ण ढिगाचा दर पाडतो. हंगामाआधी झाडाखालची जागा स्वच्छ झाडून ठेवा आणि एका दिवसाआड वेचा. बी पिळून बोंडवापासून वेगळं करताना बोंडवाचा तुकडा बीला चिकटलेला राहू देऊ नका, तिथूनच बुरशी सुरू होते.

वेचलेलं बी त्याच दिवशी खळ्यावर किंवा ताडपत्रीवर पातळ पसरा. दोन ते तीन कडक उन्हं द्या, दिवसातून दोनदा हात फिरवा, संध्याकाळी झाका. झालं की नाही ते ओळखायची घरगुती पद्धत सोपी आहे. मूठभर बी हातात खुळखुळवा. सुकलेलं बी कडक वाजतं, ओल्याचा आवाज बद्द येतो. अंगठ्याचं नख टेकवा, साल दबता कामा नये. मग गोणपाटात भरा आणि पोती फळीवर, भिंतीपासून दूर ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत भरलेलं बी आठ दिवसांत घामेजतं आणि काळं पडतं.

विक्री

नवा शेतकरी ओलं बी नेऊन देतो, व्यापारी "ओलं आहे" म्हणून किलोमागे घट कापतो, शिवाय दरही कमी लावतो. म्हणजे एकाच ओलाव्याचे पैसे दोनदा जातात. म्हणून वाळवल्याशिवाय विकू नका. आणि विकण्याआधी आपला माल आपण ओळखा.

त्यासाठी घरी अर्ध्या तासाचं काम आहे. पोत्याच्या वरून, मधून, तळातून थोडं थोडं बी घेऊन बरोबर एक किलो वजन करा आणि दाणे मोजा. वेंगुर्ला-७ चे शंभराच्या आसपास भरतील, वेंगुर्ला-४ चे १३० च्या आसपास, गावठी बी दोनशेच्या घरात जातं. मग त्यातलं थोडं बी पाण्यात टाका, तरंगतं ते पोकळ. वीस-पंचवीस दाणे अडकित्त्याने उभे फोडा. हाताला खोबरेल लावून घ्या, सालीतलं तेल कातडी भाजतं. किती गर भरीव पांढरे, किती सुरकुतलेले, किती डागी, ते वहीत लिहा. कारखानदार गराचा उतारा आणि गराचा आकार विकत घेतो, कारण मोठ्या गराला बाजारात वेगळा दर असतो. तुम्ही टपोरं बी गावठीत मिसळून नेलंत तर सगळ्याला गावठीचाच दर लागतो. "किलोला १०५ दाणे, पंचविसात तेवीस भरीव" असं सांगून नमुना पुढे ठेवला की समोरच्याचं बोलणं बदलतं.

विकायचं कुणाला? गावातला दुकानदार किंवा फिरता व्यापारी सोयीचा असतो, आणि शिमग्याला पैशांची नड असते तेव्हा उचलही देतो. तीच उचल पुढे दर ठरवते. शक्यतो घेऊ नका. दोन-चार शेजाऱ्यांचं बी एकत्र करून थेट कारखानदाराकडे गेलात तर टेम्पोचा खर्च वाटला जातो आणि बोलायला वजन येतं. जवळ शेतकरी उत्पादक कंपनी किंवा खरेदी-विक्री संघ खरेदी करत असेल तर त्यांचा दर रोज विचारा. गोव्यात सरकार आधारभूत किमतीची योजना चालवतं, ती तिथल्या शेतकऱ्यांसाठी आहे. सीमेपलीकडचा तो दर ऐकून आपल्याकडे थांबून राहू नका.

आपला दर फक्त आपल्या पिकावर ठरत नाही. आयव्हरी कोस्ट, टांझानिया अशा आफ्रिकी देशांतून कच्चं बी भारतात मोठ्या प्रमाणावर येतं. ती आवक जोरात असली की इथला भाव दबतो. त्यामुळे एका वर्षीच्या चढ्या दरावर पाच वर्षांचं कर्ज काढू नका. आवक भरात असताना दर पडला तर बाजार समितीची शेतमाल तारण योजना विचारा. तिच्यात काजू बी आहे. मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळतं. मात्र तुमच्या तालुक्याची समिती ती राबवते का, हे हंगामाआधी पाहून ठेवा.

प्रत्येक विक्रीची पावती घ्या, चिठ्ठीवर चालवून घेऊ नका. २०२४ च्या हंगामासाठी राज्य सरकारने काजू बीला किलोमागे १० रुपये अनुदान दिलं, तेव्हा सातबाऱ्यावर काजूची नोंद आणि विक्रीची पावती नसलेले खरे शेतकरी बाहेर राहिले.

थोड्या झाडांवर जास्त पैसे करायचे असतील तर ओले काजूगर हा चांगला मार्ग आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोवळं बी फोडून काढलेला गर शेकड्यावर विकला जातो, आणि मुंबई-पुण्याचे मालवणी लोक त्यासाठी वाट बघत असतात. काम मात्र किचकट आहे, हात भाजतात आणि माल दुसऱ्या दिवशी पोचलाच पाहिजे. घरात दोन-तीन कसबी हात असतील तरच त्यात पडा. बोंडू दिवसभरही टिकत नाही. गोव्यात त्यापासून हुर्राक आणि फेणी या दारू होतात. आपल्याकडे सरबत करणारा एखादा गट जवळ असेल तर त्यांना द्या, नाहीतर खतात जाऊ द्या.

स्वतःचा प्रक्रिया उद्योग काढायचा विचार पहिल्या हंगामात करू नका. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान मिळतं हे खरं. पण यंत्र वर्षभर चालायचं तर तुमच्या बागेचं बी महिनाभरही पुरणार नाही, बाहेरून विकत घ्यावं लागेल आणि तो व्यापार वेगळा आहे. त्याऐवजी आपलं पन्नास किलो बी मजुरीवर सोलून देणाऱ्या युनिटला द्या. गर किती उतरला, अख्खा किती, तुकडा किती, मजुरी किती गेली, हे लिहून काढा आणि तो गर नातेवाईक-ओळखीच्यांना विकून बघा. अन्न सुरक्षा विभागाची नोंदणी लागेल, ती ऑनलाइन होते. दोन हंगाम असं केल्यावर यंत्र परवडतं की नाही याचं उत्तर तुमच्याच वहीत सापडेल.